धावा करणं म्हणजे नेमकं काय करणं?

सलाम, ताई.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडतो. तुम्ही कोल्हापुरातल्या, तिसऱ्या पिढीच्या ख्रिस्ती घरातल्या. बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला. कॉलेजात असताना एका उज्जीवन सभेत वक्त्यांच्या मागोमाग तारणाची प्रार्थना म्हटलीत आणि त्यांनी सांगितलं म्हणून बायबलच्या पहिल्या पानावर तारीख लिहिलीत. वर्षभरात शंका आली, पुन्हा म्हटलीत. मग तिसऱ्यांदा. आता मैत्रीण सांगते की मोठेपणी पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतल्याशिवाय धावा पुराच होत नाही. एकीकडे प्रेषित पौल लिहितो की जो कोणी प्रभूचं नाव घेऊन त्याचा धावा करील त्याचं तारण होईल, दुसरीकडे प्रभू स्वतः म्हणतो की मला ‘प्रभो, प्रभो’ म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाईल असं नाही. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं, तुम्ही आजीबद्दल लिहिलंय. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली आहे, देवाधर्माशी त्यांनी आयुष्यभर फारसा संबंध ठेवला नाही, आता त्यांनी धावा करायचा तरी कसा?

मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. धावा म्हणजे ठरावीक शब्द ठरावीक पद्धतीने उच्चारणं असेल, तर तुमचे शब्द तीनदा म्हणूनही पुरले नाहीत आणि आजींना तर ते म्हणताच येणार नाहीत. म्हणून आधी धावा या शब्दापाशीच थांबावं लागेल.

त्याआधी मी कोण ते सांगतो, म्हणजे कुठून बोलतोय हे कळेल. एकतीस वर्षं पाळक म्हणून काम केलं. काही वर्षं शहरात, बरीचशी गडहिंग्लज आणि आजऱ्याकडच्या छोट्या मंडळ्यांत. निवृत्तीनंतर दवाखान्यांतल्या भेटी तेवढ्या चालू ठेवल्या आहेत. माझी परंपरा प्रेस्बिटेरियन. १८५२ साली रॉयल वायल्डर कोल्हापुरात आले, त्या मिशनमधून आमच्या मंडळ्या उभ्या राहिल्या. काही मुद्द्यांवर कॅथलिक, बाप्टिस्ट किंवा पेंटेकॉस्टल पाळक माझ्याहून वेगळं सांगतील; ते जिथे येईल तिथे मी सांगेन. आणि मी तुम्हाला पाहिलेलं नाही. शंका नेमकी कशातून येते यावर बरंच अवलंबून असतं आणि ते एका पत्रावरून ओळखता येत नाही.

आता शब्द. ‘धावा’ हा शब्द मराठी बायबलने नव्याने घडवला नाही, तो आपल्या मातीत आधीपासून होता. लहानपणी गावात कीर्तन ऐकायला सगळेच जायचे, आम्हीही जायचो. द्रौपदीच्या धाव्याची कथा बुवा रंगवून सांगत. एका हाताने पदर घट्ट धरून ती हाका मारते तोवर कुणी येत नाही. दोन्ही हात सोडून ती हाक मारते तेव्हा कृष्ण धावून येतो. ती कथा ज्यांच्या श्रद्धेची आहे त्यांची आहे, मी तिच्यावर माझा अर्थ लादत नाही. पण हा शब्द मराठी कानाला काय सांगतो ते तिच्यातून कळतं. धावा म्हणजे ‘धाव’ अशी हाक. हाक मारणारा जागीच अडकलेला असतो, धावायचं असतं ते दुसऱ्याने. रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. मराठी ख्रिस्ती माणसाला असे पूल भाषेतच बांधून मिळालेत, ते का वापरू नयेत?

तारण या शब्दाचंही थोडं बोलायला हवं. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेली मुलं मोठी होऊन मंडळीपुढे स्वतः कबुली देतात, त्याला आम्ही दृढीकरण म्हणतो. त्याच्या वर्गात एका मुलाने विचारलं होतं, ‘तारण म्हणजे सोनेतारणातलं तारण का?’ त्याचे वडील पतसंस्थेत होते, घरात तो शब्द रोजचा. कुणी हसलं नाही, कारण प्रश्न चांगला होता. इथे अर्थ बुडणाऱ्याला तारण्याचा आहे. मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात येशू हे नाव का ठेवायचं ते सांगितलंय: तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. म्हणजे पापाचा दोष, माणसावरची पापाची पकड आणि शेवटी मरण, या सगळ्यातून सुटका. नोकरी, लग्न, परीक्षा यांसाठी आपण प्रार्थना करतो, जरूर करावी. पण ‘धावा करील त्याचे तारण होईल’ यात मागणी त्याहून खोल आहे.

हे वाक्य मुळात पौलाचं नाही, योएल संदेष्ट्याचं आहे (योएल २:३२). योएलच्या पुस्तकाची सुरुवातच टोळधाडीने होते. शेत खाऊन झालंय, द्राक्षवेल सोलून निघालाय, मंदिरात अर्पणाला धान्य उरलेलं नाही. त्याहून भयंकर असा परमेश्वराचा दिवस येतोय, असं तो सांगतो आणि त्या दिवसाच्या तोंडावर म्हणतो: जो परमेश्वराच्या नावाने धावा करील तो वाचेल. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेमात पेत्राने हेच वचन उच्चारलं (प्रेषितांची कृत्ये २:२१). पौलाने ते रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात घेतलं, आणि योएलात जे नाव परमेश्वराचं आहे तिथे तो येशूला प्रभू म्हणून उभं करतो. ख्रिस्ती विश्वासाचा सगळा भार या एका पावलावर आहे. आणि तो लगेच सांगतो की यात यहुदी आणि हेल्लेणी (म्हणजे ग्रीक) असा भेद नाही, सगळ्यांचा प्रभू एकच.

बहुतेक सभांमध्ये तेरावं वचन सांगतात आणि थांबतात. चौदावं वाचा. ज्याच्यावर विश्वास ठेवला नाही त्याचा धावा कसा करतील? ज्याच्याविषयी ऐकलं नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवतील? पौल साखळी उलटी उलगडतो: पाठवणं, घोषणा, ऐकणं, विश्वास आणि मग धावा. धावा हा विश्वासाच्या तोंडून निघालेला आवाज आहे. विश्वास नसताना आवाज काढला तर त्यातून विश्वास तयार होतो, असं पौल कुठेही म्हणत नाही.

आता मला ज्या गोष्टीने या शब्दाचा अर्थ उघडून दिला ती सांगतो. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला आणि धाव्यासाठी तिथे ‘एपिकालेओमाई’ हे क्रियापद आहे. हेच क्रियापद प्रेषितांच्या कृत्यांत पंचविसाव्या अध्यायात येतं, पण तिथे प्रार्थना नाही, न्यायालय आहे. पौल कैसरियात फेस्त सुभेदारापुढे उभा आहे. खटला यरुशलेमला न्यावा अशी विरोधकांची खटपट चाललेली, तिथे न्याय मिळणार नाही हे पौलाला माहीत. तो रोमी नागरिक. तो म्हणतो, मी कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागतो. शब्द तोच. फेस्त सल्लागारांशी बोलतो आणि म्हणतो, कैसराकडे दाद मागितलीस ना, मग कैसराकडे जाशील. पुढच्या अध्यायात अग्रिप्पा राजा म्हणतो की या माणसाने कैसराकडे दाद मागितली नसती तर याला सोडून देता आलं असतं. म्हणजे दाद मागितली त्या क्षणी खटला फेस्ताच्या हातून गेला. आता त्याला पौलाला शिक्षाही करता येत नाही आणि सोडताही येत नाही.

आपल्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागू नये. १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू होईपर्यंत सहा जिल्ह्यांतली माणसं दाद मागायला मुंबईची वाट धरत होती. दाद मागणं म्हणजे काय ते आपल्याकडच्या शेतकऱ्याला चांगलं ठाऊक आहे: इथल्या निकालाने मी संपलोय, माझ्यात आणखी काही करायचं बळ नाही, वर कुणी आहे का?

आमच्या मंडळीतले एक वकील आहेत, त्यांच्याकडे एका कामासाठी बसलो होतो. राधानगरीकडचे एक म्हातारबाबा आले. जमिनीचा वाद, खालच्या कोर्टात हरलेले. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत कागद, वर दोरीची गाठ. वकिलांनी सगळं नीट समजावलं, बाबांनी वकीलपत्रावर सही केली. वकिलांनी हात पुढे केला. बाबा पिशवी देईनात.

‘सही केलासा न्हवं? मग कागद द्या की आता.’

‘असू द्यात की माझ्यापाशी.’

‘मग मी लढू कशावर?’

बाबा बराच वेळ गाठीवरून बोट फिरवत बसले. वर्षानुवर्षं ती पिशवी त्यांनी उशाशी घेऊन झोप काढलेली असणार. शेवटी त्यांनी ती टेबलावर ठेवली तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता, इतका तो रिकामा झाला होता.

ताई, मला धावा म्हणजे ती पिशवी टेबलावर ठेवणं वाटतं. माझी बाजू मी मांडणार नाही. माझ्या चांगुलपणाचे कागद, माझ्या अपराधांचे कागद, लोकांनी माझ्यावर केलेल्या अन्यायाचे कागद, सगळे तुझ्यापुढे. योहानाच्या पहिल्या पत्रात येशूला ‘कैवारी’ म्हटलंय, आपल्या बाजूने उभा राहणारा. आमच्या शास्त्राप्रमाणे हा कैवारी नुसती बाजू मांडत नाही, वधस्तंभावर त्याने शिक्षाही स्वतः भोगली आहे. म्हणून त्याच्याकडे दाद मागता येते.

या नजरेने आता ‘प्रभो, प्रभो’ वालं वचन वाचा, मत्तय ७:२१ ते २३. आपण बहुतेक वेळा पहिल्या ओळीवरच घाबरून थांबतो. पुढे ते लोक काय म्हणतात बघा. आम्ही तुझ्या नावाने संदेश दिला नाही का? भुतं काढली नाहीत का? पुष्कळ अद्भुत कृत्यं केली नाहीत का? तोंडी प्रभूचं नाव आहे, पण कागद सगळे स्वतःच्या कर्तृत्वाचे. ‘आम्हाला वाचव’ असं त्यांच्यातला एकही जण म्हणत नाही. त्यांनी प्रमाणपत्रं मांडली, दाद मागितलीच नाही. आणि प्रभू त्यांना अनाचार करणारे म्हणतो, म्हणजे नाव ओठांवर होतं पण त्याचा अधिकार जगण्यावर नव्हता. तेव्हा ही दोन वचनं एकमेकांच्या विरोधात नाहीत. लूकच्या अठराव्या अध्यायात मंदिरात दोघं प्रार्थनेला जातात, परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, आपल्या उपासांची आणि दशमांशाची यादी वाचतो, जकातदार लांब उभा राहून ऊर बडवत एवढंच म्हणतो की देवा, मज पाप्यावर दया कर. नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. माझ्या वाचनात मत्तय सातमधले लोक त्या परूशाच्या रांगेत उभे आहेत.

आता त्या तारणाच्या प्रार्थनेबद्दल, आणि इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. सेवेच्या पहिल्या आठदहा वर्षांत मीही सभांच्या शेवटी हात वर करायला सांगत असे, माझ्या मागून प्रार्थना म्हणा सांगत असे आणि हातांची संख्या अहवालात लिहीत असे. आजऱ्याकडच्या एका गावात एका किराणा दुकानदाराने सलग तीन वर्षं हात वर केला. तिसऱ्या वर्षी मी आनंदाने त्यांना भेटायला गेलो. ते साधेपणाने म्हणाले, ‘पाळकसाहेब, तुम्ही सांगता म्हणून करतो. नाही केलं तर तुम्हाला बरं वाटणार नाही.’ तीन वर्षं तो माणूस माझा मान राखत होता, आणि मी त्याला तारणप्राप्त म्हणून मोजत होतो. उधारीच्या वहीवरून भावाशी तुटलेलं त्यांचं नातं, दुकानातलं मापाचं पाप, यांतलं काहीही मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून मी संख्या लिहिणं सोडलं.

वक्त्याच्या मागून म्हणायची ती प्रार्थना आज आपण ओळखतो त्या रूपात फार जुनी नाही. पश्चिमेकडच्या उज्जीवन सभांतून आणि छापील पत्रकांतून ती गेल्या शतकात रुळली. बायबलमध्ये ती तशी सापडत नाही. पेत्राच्या प्रवचनानंतर लोकांनी विचारलं, आम्ही काय करावं? तेव्हा त्याने पश्चात्ताप करा आणि बाप्तिस्मा घ्या असं सांगितलं, माझ्यामागून म्हणा असं नाही. तरीही ती प्रार्थना वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ज्याला शब्द सुचत नाहीत त्याला कुणीतरी शब्द दिले तर ती मदतच आहे. त्या प्रार्थनेतून खरोखर बदललेली माणसं मी पाहिली आहेत. गडबड होते ती पुढे, ‘तू म्हटलीस ना, मग झालं, तारीख लिही’ असं सांगितलं जातं तेव्हा. मग माणूस तारणाऱ्याकडे बघण्याऐवजी त्या पानावरच्या तारखेकडे बघत राहतो. मी मनापासून म्हटली होती का? डोळ्यांत पाणी आलं होतं का? एखादा शब्द राहिला का?

शब्द राहण्याबद्दल एक गोष्ट नीट वाचा, लूक १५. उधळ्या पोराने डुकरांमागे असताना बापापुढे म्हणायचं पाठ करून ठेवलं होतं: बाबा, मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्यापुढे पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला तुमच्या एका चाकरासारखं ठेवा. अठराव्या आणि एकोणिसाव्या वचनांत ही पूर्ण प्रार्थना आहे. एकविसाव्यात तो ती बापापुढे म्हणतो, तेव्हा शेवटचं वाक्य नाही. चाकराचं वाक्य त्याच्या तोंडून बाहेरच पडलं नाही, कारण बाप चाकरांना झगा आणायला सांगू लागला होता. आणि त्याआधी, मुलगा अजून दूर असतानाच, म्हाताऱ्या बापाने धाव घेतली होती. तुमच्या तीनही प्रार्थनांत एखादं वाक्य राहिलं असेल. त्याच्याही राहिलं होतं.

दुसरं, तीनदा हाक मारली म्हणून पहिली हाक खोटी ठरत नाही. स्तोत्र ११६ मध्ये कवी म्हणतो, मी जन्मभर त्याचा धावा करीन. पौल करिंथच्या मंडळीला लिहितो तेव्हा ख्रिस्ती लोकांची ओळखच ‘आपल्या प्रभूचं नाव घेऊन धावा करणारे’ अशी करून देतो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही एकच प्रार्थना दिवसभर श्वासासोबत म्हणण्याची जुनी वहिवाट आहे. तेव्हा पुन्हा पुन्हा हाक मारा, खुशाल मारा. फक्त ‘मागची गेली वाया’ असं समजून मारू नका.

बाप्तिस्म्याकडे येतो, कारण मैत्रिणीचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. तिने तुम्हाला प्रेषितांची कृत्ये २२:१६ दाखवलं असणार. हनन्या नावाचा शिष्य शौलाला, म्हणजे पुढे पौल झालेल्यालाच, म्हणतो, ऊठ, बाप्तिस्मा घे आणि त्याचं नाव घेऊन आपल्या पापांचं क्षालन कर. शौल तीन दिवस आंधळा, उपाशी आणि प्रार्थना करत होता, तरी क्षालन अजून व्हायचंच आहे अशा भाषेत हनन्या बोलतो. काही मंडळ्या यावरून म्हणतात की बाप्तिस्म्याच्या पाण्यातच धावा पुरा होतो. पेत्राच्या पहिल्या पत्रातही बाप्तिस्म्याला शुद्ध विवेकभावासाठी देवाकडे केलेली मागणी अशा अर्थाचं म्हटलंय (३:२१). कॅथलिक आणि लुथरन मंडळ्या बाप्तिस्मा हे देवाच्या कृपेचं साधन मानतात आणि तो तान्ह्या बाळालाही देतात. बाप्टिस्ट मंडळ्या आधी विश्वास आणि मग बाप्तिस्मा असं म्हणतात, म्हणून तान्ह्या बाळाला देत नाहीत. आमची परंपरा तो देवाच्या कराराची खूण मानते, म्हणून आईवडिलांच्या विश्वासावर लेकरालाही देते, आणि त्या लेकराने मोठं होऊन स्वतः कबुली द्यावी अशी अपेक्षा ठेवते. हा वाद शतकानुशतकं चाललाय, मी इथे एका उत्तरात तो मिटवणार नाही.

पण त्या वचनात मला जे भिडतं ते वेगळं आहे. हाच हनन्या नवव्या अध्यायात प्रभूला सांगतो की तुझं नाव घेऊन धावा करणाऱ्यांना बांधून न्यायचा अधिकार या शौलाला मिळालाय. म्हणजे दिमिष्कात (आजचं दमास्कस) ख्रिस्ती लोकांची ओळख ‘धावा करणारे’ अशी होती आणि शौल त्यांना पकडायला आला होता. आता त्यालाच सांगितलं जातं, तूही ते नाव घे, त्यांच्यातला एक हो. घरातल्या कोपऱ्यात एकट्याने हाक मारून थांबायचं नव्हतं, ज्यांना बांधायला निघाला होता त्यांच्या पंगतीत बसायचं होतं. बाप्तिस्मा हे त्या पंगतीत बसणं आहे. धावा खरा असेल तर माणूस बाप्तिस्म्याला टाळाटाळ करत नाही. पण क्रम प्रत्येकाचा एकसारखाच असतो असं मला दिसलेलं नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना खरी आंतरिक शांती मिळाली, आणि तोवर आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. टिळकांचं उलट, मनाने ते आधी ख्रिस्ताचे झाले आणि बाप्तिस्मा नंतर, १८९५ मध्ये. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या त्या चोराला तर बाप्तिस्म्याची सवडच मिळाली नाही.

तेव्हा माझा सल्ला असा: तुमचा बाप्तिस्मा झालेला आहे, तो पुन्हा घेण्याची गरज मला दिसत नाही. दृढीकरण राहिलं असेल तर तुमच्या पाळकांना भेटा, मंडळीपुढे स्वतःच्या तोंडाने कबुली द्या आणि प्रभुभोजनाला या. रोम १०:९ मध्ये अंतःकरणाने विश्वास आणि मुखाने कबुली ही जोडी आहेच. मैत्रिणीशी मात्र भांडू नका, तिने काळजीने सांगितलंय.

राहिली शंका. इथे तुमच्यावर बरंच अवलंबून आहे. माझ्याकडे आलेल्या पुष्कळांची शंका भावनेची होती. सभेतलं संगीत, गर्दी, डोळ्यांतलं पाणी हे सगळं सोमवारी सकाळी ओसरलं की त्यांना वाटायचं तारणही ओसरलं. त्यांना मी वेळ जाऊ द्या म्हणतो. काहींची शंका म्हणजे आतलं ठसठसणारं काहीतरी असतं: दडवलेलं नातं, घेतलेले पैसे, घरातल्या कुणाशी धरलेला अबोला. तिथे चौथ्यांदा प्रार्थना म्हणून भागत नाही, ती एक गाठ सोडावी लागते. त्या दुकानदारांनी पुढे भावाच्या घरी जाऊन वही फाडली. त्या दिवसाला ते आपला तारणाचा दिवस म्हणायचे आणि मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. आणि काही थोड्यांची शंका आजाराची असते. रात्र रात्र झोप नाही, प्रार्थनेत एक शब्द चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून, दिवसातून वीसवीस वेळा. तुमचं असं होत असेल तर पाळकांबरोबर मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा. त्यात विश्वासाची कमी नाही. अशा दोघांना मी स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेलोय आणि औषधाने त्यांना प्रार्थनेत पुन्हा शांत बसता येऊ लागलं.

आता आजी.

काही वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात एका हमालांना भेटायला जात होतो. मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांची ओझी उचलून आयुष्य गेलेला माणूस. पक्षाघाताने उजवी बाजू आणि वाचा गेलेली. बायको मंडळीतली, ते कधी आत आले नाहीत, फाटकापाशी तिला सोडून जायचे. बायको मला म्हणाली, ‘त्यांच्याकडून प्रार्थना म्हणवून घ्या हो.’ तरुण असतो तर घेतली असती; डोळे मिटा, हात दाबा, पापणी हलवा, असं काहीतरी केलं असतं. डाव्या हाताने त्यांनी खाटेचा लोखंडी दांडा धरून ठेवला होता, पडायची भीती. सिस्टर म्हणाल्या, झोपेतही सोडत नाहीत. मी लूकच्या तेविसाव्या अध्यायातला चोराचा भाग वाचला, हळू, थांबत थांबत. ‘प्रभू, माझी आठवण करा’ या त्याच्या शब्दांपाशी आलो आणि गप्प बसलो. बऱ्याच वेळाने त्यांचा हात दांड्यावरून सुटला आणि चादरीवर उताणा पडला. एवढंच. चार दिवसांनी ते गेले.

त्यांच्या बायकोने विचारलं, त्यांनी धावा केला का? मी ‘हो, खूण दिली’ असं म्हणालो नाही, कारण ते मला माहीत नव्हतं. मी तिला एवढंच म्हणालो की ज्याला हाक मारायची होती तो कसा आहे ते आपल्याला माहीत आहे, आणि रोम आठमध्ये लिहिलंय की आपल्याला नीट प्रार्थना करता येत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. शब्दांच्या अलीकडची हाकही तिथे पोहोचते. यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

म्हणून आजींजवळ जाताना त्यांच्याकडून काही काढून घ्यायला जाऊ नका. ज्या बाजूने त्यांना नीट दिसतं आणि ऐकू येतं त्या बाजूला बसा. डॉक्टरांनी तोंडाने पाणी द्यायला परवानगी दिली असेल तर आधी चमच्याने पाणी द्या. मग जकातदाराची गोष्ट किंवा स्तोत्र ११६ वाचा, पुस्तकी सुरात नको, घरात बोलता तसं. ‘आजी, येशू माफ करतो, त्याच्यावर सोपवा,’ असं एकदाच, साध्या शब्दांत सांगा. ऐकून त्यांनी मान वळवली तर त्या दिवशी पुढे बोलू नका, नुसत्या बसा. देवाच्या नावाने कुणावर जबरदस्ती करायची नसते, स्वतःच्या आजीवरही नाही. वळवली नाही तर वाचल्यावर थोडा वेळ जाऊ द्या, आणि मग त्यांच्याऐवजी नव्हे, त्यांच्यासोबत, हळू आवाजात म्हणा: प्रभू, आमच्यावर दया कर. ‘आमच्यावर’ म्हणा. त्यांनी हात दाबला तर दाबला, नाही दाबला तरी तो तुमच्या हातात असू द्या, आणि उद्या पुन्हा जा.